एक टिक राहिली

घरजावई हा शब्द त्याच्या तोंडावर कोणी वापरत नसे. सगळे नुसतं 'जावई' म्हणत आणि त्याच्या आधीचं 'घर' मनातल्या मनात जोडून घेत. कोपऱ्यावरचा वाणी, टपालवाला, वरच्या मजल्यावरची शिंपीण, सगळ्यांचा तो जावई. लग्न झालं तेव्हा ठरलं होतं की काही महिने सासऱ्यांकडे राहू, मग आपलं बघू. मग सासूबाई गेल्या, सासरे एकटे पडले, आणि आपलं बघायचं ते राहूनच गेलं. त्यात कोणाचा दोष होता असंही नाही, त्यामुळे चिडायचं कोणावर हा त्याच्यापुढे रोजचा प्रश्न होता.

त्याची कामाची खोली म्हणजे या घराची जुनी अडगळीची खोली. खिडकी नाही, झरोका नाही, एक दार आणि चार भिंती. ही खोली त्याने स्वतःच मागून घेतली होती, कारण त्याच्या धंद्याला शांतता लागते. जुन्या रेकॉर्डवरचं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि मग त्यातली खरखर, ओरखड्यांची टिकटिक काढून गाणं स्वच्छ करायचं, हा त्याचा धंदा. सुई तबकडीवर टेकली की पंखा बंद. फ्रिजसुद्धा बंद, कारण फ्रिज सुरू होताना वायरीतून एक टिक येते आणि ती गाण्यात जाऊन बसते. बाहेर बायकोने भांडं आपटायचं नाही, सासऱ्यांनी खोकायचं ते उशीत तोंड खुपसून. दुसऱ्याच्या घरात राहून त्याने त्या घरालाच चवड्यांवर चालायला लावलं होतं, आणि स्वतः आत घामाने निथळत बसलेला असायचा. बाहेर आला की शिंपीण विचारी, "जावई, आत गाणी धुता की स्वतःला?"

सासरे बोलण्यात महाकंजूष. पूर्वी तार करताना लोक शब्द मोजत, तसे ते घरातही मोजत. आयुष्यभर ते एका रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरीला होते. "बाबा सामान बघायचे," एवढंच बायकोला माहीत. वाद्यं आणायची, न्यायची, माइक हलवायचे, गादीवाल्याकडून गाद्या भरून आणायच्या. त्या नोकरीतून त्यांनी घरी दोन गोष्टी आणल्या, पाठदुखी आणि भिंतभर तबकड्या. त्या तबकड्यांची निवड बघून जावयाला हसू येई. इकडे रडकी प्रेमगीतं, त्यांच्या मांडीला मांडी लावून लहान मुलांची गाणी, मध्येच एखादी साबणाच्या जाहिरातीची. आवड म्हणून कोणी असा खिचडा जमवणार नाही.

"या सगळ्या उतरवा," सासरे एक दिवस म्हणाले होते. "झालं की जा तुमच्या घरी. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

हे वाक्य जावयाने घट्ट धरून ठेवलं. बाहेरची कामं सांभाळून तो सासऱ्यांच्या तबकड्या काढत राहिला. सुरुवातीला अगदी मन लावून. आधी तबकडी मऊ ब्रशने धुवायची, भांड्यांच्या जाळीत उभी वाळवायची, मग उतरवायची, मग पडद्यावर आवाजाची लहर मोठी करून एकेक टिक शोधायची आणि हाताने पुसायची. पण भिंत काही हलेना. तेव्हा त्याने काम प्रोग्रामवर सोपवलं. प्रोग्राम स्वतःच टिका शोधतो आणि तिथलं भोक आजूबाजूच्या आवाजावरून भरून काढतो. किती कडक शोधायचं ते आपण ठरवायचं. जावयाने चांगलं कडक लावलं. गाणी झपाट्याने स्वच्छ व्हायला लागली, आणि जागा अडते म्हणून मूळची खरखरीत फाइल तो लगेच पुसून टाकू लागला. सासरे त्यातलं काहीच ऐकत नसत. "सगळं झालं की," म्हणायचे. तबकड्या नुसत्या लावूनही ऐकायची सोय नव्हती, कारण सुईने त्या झिजतात असं म्हणून जावयानेच ती बंदी घातली होती.

इकडे बायकोने घर शोधलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोनच खोल्या, पण दोन्हींना खिडक्या. घरमालकीण मात्र खमकी होती. महिनाअखेरीला किल्ली घेतली नाहीत तर दुसऱ्याला देईन, तिने सांगून टाकलं. जावयाचा जीव त्या दोन खिडक्यांत अडकला. काम करताना डोळे मिटले की त्याला वारा लागल्यासारखं व्हायचं.

महिना संपत आला आणि शेवटची तबकडी उरली. ती भिंतीवर नव्हतीच. सासऱ्यांनी ती आपल्या उशाशी ठेवली होती आणि स्वतः आणून त्याच्या हातात दिली. एका बाईंनी गायलेलं संथ गाणं, तबकडीवर बरेच चरे. जावयाने धुतली, उतरवली, कडक प्रोग्राम फिरवला, वर हातानेही जरा पुसलं. गाणं असं स्वच्छ निघालं की बाई शेजारच्या खोलीत बसून गातायत असं वाटावं. त्याने सासऱ्यांची खुर्ची दारात मांडली आणि गाणं लावलं.

सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं. गाणं संपलं तरी डोळे उघडले नाहीत.

"कसं काय?" जावयाने विचारलं.

"एक टिक राहिली," सासरे म्हणाले आणि उठून गेले.

जावयाने तोंडातली शिवी गिळली आणि पुन्हा बसला. एखादी राहतेही, बारीक असली तर. त्याने गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठं करून तपासलं, जिथे संशय आला तिथे पुसलं. पुन्हा सासऱ्यांना बोलावलं. पुन्हा तेच. राहिली. तिसऱ्यांदाही राहिली. त्याने म्हाताऱ्यांना पडद्यासमोर बसवलं, लहर दाखवली, कुठेही काटा नाही, खाच नाही, सगळं गुळगुळीत.

"बघताय काय? ऐका," सासरे म्हणाले.

"मग कुठे आहे ते सांगा ना बाबा. कोणत्या ओळीत?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच वाईट होता. मग ते गप्पच बसले. त्यांच्या गप्प बसण्याला या घरात अपील नव्हतं.

स्वयंपाकघरात बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. जावयाने पाणी प्यायच्या निमित्ताने ओटा गाठला आणि आवाज खाली ठेवून म्हणाला, "तुझे बाबा मुद्दाम करतायत. आपल्याला सोडायचंच नाहीये त्यांना."

"असेल," ती म्हणाली.

"असेल काय? उद्या किल्ली घ्यायचीय. टेंपो ठरलाय. निघू या सरळ."

"त्यांनी एकदा 'झालं' म्हणू दे. नाहीतर तिकडे गेल्यावर मला रोज तेच ऐकू येईल." तिने एक पातेलं गुंडाळलं, बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. तिचा चेहरा थकलेला होता, पण जावयाचं लक्ष त्या वेळी स्वतःच्या थकव्याकडे होतं.

खोलीत परत आल्यावर त्याच्या डोक्यात एक नतद्रष्ट कल्पना आली. म्हाताऱ्यांना खरंच ऐकू तरी येतं का, ते बघावं. खरखरीत मूळ फाइल या एका गाण्याची अजून शिल्लक होती. त्याने त्यातली एक ठसठशीत टिक उचलली आणि स्वच्छ केलेल्या गाण्यात मधेच नेऊन बसवली. ही जर त्यांना ऐकूच आली नाही, तर त्यांच्या तक्रारीला काही अर्थ नव्हता आणि तसं बायकोसमोर सांगता आलं असतं. त्याला स्वतःची थोडी लाजही वाटली, पण ती टिकली नाही.

सासरे आले, बसले, डोळे मिटले. ती टिक आली तसे त्यांनी डोळे उघडले.

"ही कुठून आली?" ते म्हणाले. "ही ओरखड्याची. ही नको. ती."

"ती म्हणजे कोणती?"

सासऱ्यांनी खुर्चीच्या हातावर बोटाच्या पेराने, टकटक न करता, एकदाच नुसतं टक केलं, आणि काठी घेऊन आपल्या खोलीत गेले. दाराशी जाऊन एवढंच म्हणाले, "नसेलही."

जावई बसून राहिला. म्हाताऱ्यांचे कान शाबूत होते, ती शंका फिटली. मग ते शोधत होते तरी काय? 'ही नको, ती' असं कोणी काढून टाकायच्या वस्तूबद्दल म्हणतं का? काढून टाकायची असेल तर कोणतीही नकोच.

त्या प्रोग्राममध्ये एक सोय असते. काढून टाकलेला कचरा तेवढा वेगळा ऐकता येतो. गाणं गाळून उरलेला नुसता गाळ. धंद्यात नवा असताना तो प्रत्येक वेळी हा गाळ ऐकायचा, आपण चुकून गाण्याचा लचका तर नाही ना तोडला ते बघायला. अलीकडे घाई झाली तसं ते सोडून दिलं होतं. आता त्याने पंखा बंद केला, दार लावलं आणि गाळ लावला.

आधी नुसती खरखर, तव्यावर पाणी उडाल्यासारखी. मधे मोठ्या ओरखड्याच्या टिका, तबकडीच्या दर फेऱ्याला एक. आणि त्यांच्या पलीकडे, ओरखड्याच्या हिशेबात न बसणारी एक टक. गोल, लाकडी, अंगाने भरलेली. काही वेळाने पुन्हा. पुन्हा. ती फेऱ्याशी जुळत नव्हती, ती गाण्याच्या तालाशी जुळत होती. बाई ओळ संपवून श्वास घेत असणार नेमक्या त्या जागी कोणीतरी काडीने लाकडाचा ठोकळा वाजवत होतं, इतक्या हलक्या हाताने की यंत्राला तो ओरखडा वाटला.

एक टिक राहिली. आपण म्हणतो, घरात थोडे तांदूळ राहिलेत, तेव्हा ते असतात. आणि आपण म्हणतो, आमंत्रणात मामांचं नाव राहिलं, तेव्हा ते नसतं. शब्द एकच. सासऱ्यांनी सकाळपासून सांगितलं की गाण्यातून काहीतरी सुटलंय, आणि हा बहाद्दर सकाळपासून उरलेलं शोधत होता.

त्याने मूळ फाइल घेतली, प्रोग्राम बंद ठेवला आणि सगळं हाताने केलं. ओरखडे काढायचे, ठोकळा ठेवायचा. दुपार त्यातच गेली. उकाड्याने कागद हाताला चिकटत होते. तरी त्याला खूप दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं, हेही खरं.

त्याने सासऱ्यांना बोलावलं तेव्हा ते येईनात. "पुरे झालं," म्हणाले. हाताला धरून आणावं लागलं. गाणं सुरू झालं, पहिली ओळ संपली, आणि ठोकळा वाजला. सासऱ्यांचा हात खुर्चीवरून उचलला गेला तो तसाच राहिला. दुसरी ओळ. टक. तिसऱ्या ओळीला त्यांचं बोट ठोकळ्याबरोबर खाली आलं, एक केसभरही मागेपुढे नाही. मग म्हातारे रडायला लागले. आवाज न करता, या घरातल्या सवयीप्रमाणे.

"आहे," ते म्हणाले. "वाजवला होता मी."

"तुम्ही वाजवलाय हा?"

"वाजवणारा आला नाही त्या दिवशी. म्हणाले, तू उभा राहा, हाताशी आहेस. मग पुढे नेहमीच. बारीकसारीक असलं की मला बोलवायचे. ठोकळा, घुंगरू, डबा." इतके शब्द एका दमात बोलून त्यांना धाप लागली. "वेष्टनावर नाव नाही. घरी सांगितलं तर सगळे हसले. म्हणाले, लाकूड वाजवतो. म्हणून पुन्हा नाही सांगितलं. आता मेलेच सगळे. विचारायचं कोणाला? आज ऐकलं आणि वाटलं, आपण वाजवलंच नव्हतं की काय. उगीच मनाचे खेळ."

"मला सरळ सांगायचं ना, बाबा."

"आणि नसता निघाला तर?"

जावयाने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत असा हात ठेवायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे दोघेही जरा अवघडले.

दारात बायको येऊन उभी होती. तिने शेवटचं तेवढं ऐकलं असावं. "झालं ना बाबा?" तिने हळूच विचारलं.

"झालं," सासरे म्हणाले. "छान झालं. सकाळी जा आरामात." तिने भरल्या डोळ्यांनी मान हलवली आणि टेंपोवाल्याला फोन करायला आत गेली. जावयाच्या छातीवरचा दगड सरकला. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं.

सासऱ्यांनी खुर्ची दारातून आत ओढली, चक्क त्याच्या टेबलाला चिकटवून. त्यांच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेली हौस होती. "आता पहिल्यापासून ऐकवा. एकेक करून. आज होतील तेवढ्या, उरलेल्या तिकडून येऊन ऐकवा."

"कोणत्या?"

"या." त्यांनी भिंतीकडे काठी केली.

"या सगळ्यांत तुम्ही आहात?"

"नाहीतर कशाला घेतल्या असत्या? निम्मी गाणी तर मला आवडतही नाहीत."

जावई हसला, आणि हसता हसताच त्याला घाम फुटला. भिंतभर तबकड्या. प्रत्येकीत कुठेतरी एक ठोकळा, एक घुंगरू, एक डबा, बारीकसारीक, हलक्या हाताचं. प्रत्येकीवरून त्याने तो कडक प्रोग्राम फिरवला होता. गाळ ऐकला नव्हता. मूळ फाइली पुसल्या होत्या. त्याने या माणसाला प्रत्येक गाण्यातून वेचून वेचून बाहेर काढलं होतं, आणि आता तो माणूस शेजारी खुर्ची ओढून स्वतःला ऐकायला बसला होता.

"त्या अजून कच्च्या आहेत, बाबा," तो म्हणाला. "उद्या लावतो."

रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही. सकाळी टेंपो यायच्या आधी त्याने बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती तोवर तिच्या हातात किटली होती, ती तिने खाली ठेवली नाही.

"पुन्हा उतरवायच्या सगळ्या?" तिने विचारलं.

"हाताने. प्रोग्राम लावून चालायचं नाही."

"किती दिवस लागतील?"

त्याने कामाच्या खोलीकडे बघितलं. पहिल्या वेळी किती लागले ते तिला माहीतच होतं.

"रविवारी येऊन करता येईल," ती म्हणाली.

"ते आज ऐकायला बसणार आहेत. त्यांना वाटेल, फक्त त्या एकाच गाण्यात मी होतो, बाकी सगळं मनाचं. त्यांना काल तसंच वाटलं होतं. तू ऐकलं नाहीस." त्याने तिचा हात धरायला बघितलं. "आपण घरमालकिणीला विनवू या. महिनाभर थांब म्हणावं."

"ती नाही थांबायची." बायकोने हात सोडवून घेतला, रागाने नाही. "आणि मीही नाही. तुला वाटतं तू इथे अडकलास. तू निदान दार लावून आत बसायचास. मी बाहेर भांडी न वाजवता घासत होते. आधी आईच्या डोकेदुखीसाठी, मग बाबांच्या गप्प बसण्यासाठी, मग तुझ्या सुईसाठी. मला एकदा माझ्या घरात पातेलं आपटायचंय."

"मग मी काय करू?"

"तुझं तू ठरव. बाबांना खोटं सांगून निघालास तरी मी काही म्हणणार नाही. थांबलास तरी म्हणणार नाही." खाली टेंपोचा हॉर्न वाजला. तिने किटली खोक्यात घातली. "मी मात्र जाते."

सामान खाली न्यायला वेळ लागला नाही, निम्मं तर त्याचंच होतं आणि ते तिने बाजूला काढून ठेवलं. निघताना ती वडिलांच्या पाया पडली, त्यांनी नेहमीप्रमाणे नुसती मान हलवली. शिंपीण जिन्यात उभी राहून बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मुलगी सासरी निघाली आणि जावई माहेरी थांबला, हे तिने नंतर सगळ्या गल्लीला हसून हसून सांगितलं. त्या वेळी मात्र ती हसत नव्हती.

जावई आत आला. त्याने भिंतीवरून पहिली तबकडी काढली, पुसली, यंत्रावर ठेवली. पंखा बंद केला. सासरे खुर्चीत तयार होते, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसवतात तसे.

"ती कुठे निघाली एवढं सामान घेऊन?" त्यांनी विचारलं.

"घरी."

"आणि तुम्ही?"

"मी आहे."

सासऱ्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. पण त्यांचे डोळे तबकडीवर होते. "बरं," ते म्हणाले. "मग लावा."

त्याने सुई उचलली. खाली टेंपो सुरू झाला होता. गल्ली अरुंद, तो मागेपुढे करत वळत होता, आणि इंजिनाच्या घरघरीतून बायकोचा टेंपोवाल्याशी बोलण्याचा आवाज येत होता, चांगला मोठा, मोकळा. हे सगळं गाण्यात जाऊन बसलं असतं. जावयाने सुई पुन्हा जागेवर ठेवली, उठला आणि दार लावून घेतलं.